तीस दिवसांची हमी

४ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, ओरडायचं नाही, लिहायचं. रक्तदाब एकशे सत्तरच्या वर गेलाय म्हणे. बायकोनं लगेच ही वही आणून दिली, कडक पुठ्ठ्याची. म्हणाली, "गिऱ्हाइकांवर ओरडता ते यात ओरडा." म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी मी आता वहीशी भांडायचं. ठीक आहे. वहीला उलट बोलता येत नाही, एवढी सोय.

आज एका तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. लिफ्ट बंद. सामानाची पेटी, दोन बादल्या आणि मी, असे चौघे जिने चढलो. गालिचा मात्र बघण्यासारखा. अस्सल लोकर, सायीचा रंग, दिवाणखान्याच्या मधोमध अंथरलेला, खाली जाड फेल्टचं अस्तर. आणि सोफ्याच्या पायाशी तळहाताएवढा रक्ताचा डाग. त्यावर कुणीतरी गरम पाणी ओतून ठेवलेलं! मी विचारलं, हा शहाणपणा कुणाचा? बाई म्हणाली, "ह्यांचा. म्हणाले, गरम पाण्यानं जाईल."

कप्पाळ जाईल. रक्तावर गरम पाणी ओतलं की ते अंड्यासारखं शिजतं आणि लोकरीला घट्ट धरून बसतं. रक्ताला पाणी लागतं थंड, माठातलं असावं तसं. पांढरं सुती फडकं घ्यायचं आणि टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं, तेही कडेकडून मधे. मधून कडेला गेलात की डाग पसरला. शेवटी औषधाचे चार थेंब, तेही आधी कोपऱ्यात लावून बघून. या गावात हे माझ्याशिवाय कुणाला येत नाही. चौकातला तो वाफवाला तर मशीन लावतो आणि गरमागरम वाफ सोडतो. त्याच्याकडून आलेले गालिचे मी पाहिलेत. रडू येतं.

डाग कशाचा ते विचारावं लागतं, म्हणून विचारलं. बाई म्हणाली, पेला फुटला, हात कापला. हाताला पट्टीबिट्टी काही दिसली नाही. पण माझं काम गालिच्याचं, हाताचं नाही. दोन तास लागले. दोन्ही तास ती समोर खुर्चीत बसून होती. कामकऱ्याच्या डोक्यावर बसणारी गिऱ्हाइकं मला मुळीच खपत नाहीत. संशयी जात. मी काय गालिचा खिशात घालून नेणार होतो?

निघताना माझं हमीचं कार्ड दिलं. डाग खालच्या फेल्टमध्ये मुरलेला असला, तर गालिचा वाळताना तो कधी कधी पुन्हा वर येतो. आम्ही त्याला डाग उगवणं म्हणतो. तोच डाग तीस दिवसांत उगवला, तर मी पुन्हा जाऊन काढून देतो, एक शब्द न बोलता. "एक शब्द न बोलता" हे बायकोनं घुसडलंय. बाईनं कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तीस दिवसांत कधीही बोलावलं तर याल?"

मी म्हटलं, "डाग उगवला तर."

"उगवला तर," ती म्हणाली आणि कार्ड ब्लाउजमध्ये ठेवलं. टेबलाचा खण समोर असताना.

७ मार्च, गुरुवार

एका हॉटेलची पायपुसणी. बारा. ओरडलो नाही. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाहीये का?

१५ मार्च, शुक्रवार

तिसऱ्या मजल्याचा फोन. "डाग परत वर आलाय."

माझं डोकंच फिरलं. गेल्या सहा वर्षांत माझा एक डाग उगवलेला नाही. पण स्वतःच छापून दिलंय, बोलणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. बायको म्हणते, "हात दाखवून अवलक्षण. कुणी सांगितली होती हमी?" तिलाच विचारून छापलं होतं.

गेलो. डाग होता, पण जुन्या जागेपासून चार बोटं अलीकडे. आणि पहिल्यापेक्षा मोठा. फेल्टमध्ये ओल सरकते, तशी सरकली असणार. फडकं ठेवलं तर लालभडक झालं. उगवलेला डाग खरं तर विटकरी असतो, कडा पिवळट. पण फेल्टनं ओल धरून ठेवली असेल, खिडक्या बंद असतात त्यांच्या. असंच असणार. दुसरं काय असणार?

बाईचा रुबाब बघायचा होता. सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बोलत होती, तेही अर्ध्या तोंडानं. मी म्हटलं, नीट बोला, मला ऐकू येत नाही. तर म्हणे दाढ दुखतेय. दाढ दुखतेय तर दातवाल्याकडे जा, मला कशाला बोलावतेस? काम दीड तासात उरकलं, तर म्हणाली, ती पलीकडची कडपण बघा. तिथे काही नव्हतं. मग म्हणाली, वाळेपर्यंत थांबा. मी म्हटलं, बाई, गालिचा वाळायला उद्या दुपार होईल, मी काय पाहुणा आहे? तरी चहा केला. साखर घालायला विसरली. मग पुन्हा साखर आणायला गेली ती पाच मिनिटं तिकडेच.

सहा वाजता साहेब घरी आले. माणूस असावा तर असा. दारातच हात मिळवला. माझे ओले हात, तरी मिळवला. म्हणाले, "तुमच्यासारखे कारागीर राहिलेत कुठे आता? आमच्या बायकोला जरा सवय आहे, छोट्याशा गोष्टीचा बाऊ करायची. तुम्हाला त्रास." आपलं कार्ड दिलं, पुढे काही लागलं तर थेट मला फोन करा म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले. बाई उठलीसुद्धा नाही. जोडा कसा जमतो ते देवच जाणे. देवमाणसाच्या गळ्यात हे लोढणं.

२२ मार्च, शुक्रवार

बायकोला उगाच सांगितलं. भाजी निवडता निवडता तिनं सुरू केलं.

"पेला फुटून हात कापला होता ना? कुठला हात?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"पट्टी होती?"

"नव्हती. असेल. मी बघितलं नाही."

"आणि दुसऱ्या खेपेला डाग पहिल्यापेक्षा मोठा? उगवलेला डाग मोठा होतो का हो?"

मी म्हटलं, तीस वर्षं मी गालिचे धुतोय, तू नाही. तिनं एक शेंग मोडली, दुसरी मोडली. म्हणाली, "मी नाहीच धुतले. म्हणून तर विचारतेय."

हे असं बोलणं मला आवडत नाही. सरळ भांडावं माणसानं.

२८ मार्च, गुरुवार

वाफवाल्यानं चौकात बोंब ठोकलीय. "त्याचे डाग उगवतात. तिसऱ्या मजल्यावर दोनदा जावं लागलं." हे त्याला कुणी सांगितलं? इमारतीच्या रखवालदारानं, दुसरं कोण. लॉन्ड्रीवाल्यानं मला हसत हसत ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाचता येईना अंगण वाकडं, तो वाफेवर गालिचे शिजवणारा मला नावं ठेवतो! तीस वर्षांत कमावलेलं नाव एका बाईच्या गालिच्यापायी जाणार.

वहीत लिहून रक्तदाब उतरतो असं डॉक्टर म्हणाले होते. आज मोजला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

३१ मार्च, रविवार

अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा फोन! बाईनं दिवस मोजून ठेवलेत. "डाग आलाय. उद्या दुपारी याल? दुपारीच या."

मी म्हटलं, "साहेब घरी असतील तेव्हा येतो. मला बायकांशी हुज्जत घालायची नाही."

"नको. दुपारी या. मला तुमच्याशी जरा..." आणि फोन ठेवून दिला. अर्धवट. एवढा तोरा.

मग मी सरळ कार्ड काढलं आणि साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अवश्य या, उद्या साडेसहाला, मी आहे. किती गोड बोलतात. सोक्षमोक्ष लावायचा तर समजूतदार माणूस समोर हवा. बायकोला सांगितलं नाही. फाटे फोडते.

१ एप्रिल, सोमवार

जिंकलो!

सविस्तर लिहितो. साहेब सोफ्यावर, बाई दाराशी उभी. मी म्हटलं, आज आधी गालिचा उचलायचा. साहेबांनी स्वतः टेबल सरकवलं. गालिचा अर्धा दुमडला आणि खालच्या फेल्टवर बॅटरी मारली. पांढराशुभ्र! नव्या कापसासारखा. पहिल्या डागाखाली काही नाही, दुसऱ्याखाली काही नाही, आणि आजच्याखालीही काही नाही. मग लोकर विंचरून दाखवली. टोकाला रक्त, मुळाशी पांढरी. उगवलेला डाग खालून वर येतो. याला खाली मूळच नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, हा माझा डाग नाही. हा नवा आहे. वरून पडलाय, फार तर परवाचा. माझ्या कामात खोट नाही."

साहेब हसले. "बघ," बाईला म्हणाले, "यांना उगाच पायपीट करायला लावलीस."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाईंनी तर आज दुपारीच बोलावलं होतं. मीच म्हटलं, तुमच्यासमोर होऊ दे."

"दुपारी?" साहेब म्हणाले. तसेच हसत होते. "दुपारी मी नसतो."

बाई माझ्याकडे बघत होती. नजर अशी, की मीच तिच्या घरात चोरी केलीय. चोराच्या उलट्या बोंबा! मला दोन खेपा फुकट घालायला लावून वर हा ताठा.

नवा डाग हमीत बसत नाही, तरीही काढून दिला. साहेबांसाठी. इतका सुरेख काढला, की मलाच जागा सापडेना. साहेबांनी आपल्या कार्डाच्या मागे लिहून दिलं, काम निर्दोष आहे, आणि खाली झोकात सही. उद्या वाफवाल्याच्या नाकावर टिच्चून ते कार्ड दुकानाच्या काचेला लावणार.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"तुम्ही हे त्याच्यासमोर बोललात?"

"मग काय भिंतीसमोर बोलू?"

"दुपारी बोलावलं होतं, हेसुद्धा?"

मी म्हटलं, हो, हेसुद्धा. तिनं गॅस बंद केला आणि आत जाऊन बसली. जिंकलेल्या माणसाच्या ताटात आज कच्ची पोळी.

२ एप्रिल, मंगळवार

कार्ड काचेला लावलं. दुपारी काढलं. ऊन लागून पिवळं पडेल.

५ एप्रिल, शुक्रवार

बायको चार दिवस कामापुरतं बोलतेय. आज म्हणाली, "एक फोन करून तरी बघा." कशाला करू? मला काय पडलंय? नवराबायकोचं त्यांचं ते बघतील. आपण मध्ये पडलो की दोघंही आपल्यावर उलटतात, ही जगाची रीत आहे. मी काय वाईट केलं? खरं बोललो. खरं बोलण्याचा गुन्हा झाला आता.

संध्याकाळी केला. साहेबांनीच उचलला. "आता काही गरज नाही," म्हणाले, "बायको जरा आजारी आहे." या खेपेला कारागीरबिरागीर काही म्हणाले नाहीत. मी बरं म्हटलं आणि ठेवून दिला. काय आजार आहे ते विचारायला हवं होतं का? बायको म्हणाली, "विचारून तो सांगणार होता का?" मग फोन तरी कशाला करायला लावला मला!

९ एप्रिल, मंगळवार

त्या रस्त्यानं दोनदा गेलो. काम नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बंद. रखवालदाराला विचारावं म्हणून थांबलो, पण तो चहाड्या करणारा, उद्या चौकभर होईल. परत आलो.

१३ एप्रिल, शनिवार

दुपारी तीनला दुकानापुढे टेम्पो थांबला. एका तरुण माणसानं खांद्यावरून गुंडाळलेला गालिचा आत आणला आणि माझ्या धुण्याच्या फरशीवर आपटला. मी ओरडणार होतो, फरशी ओली आहे म्हणून. मागून ती आली. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. भुवईवर टाके.

"ताई, तू बस," तो माणूस म्हणाला. भाऊ होता तिचा. ती बसली नाही. बायकोनं आतून खुर्ची आणली तेव्हा बसली.

भावानं गालिचा उलगडला. मध्यावर डाग होता. किती मोठा ते लिहीत नाही.

मी सवयीनं बादली उचलली. ती म्हणाली, "हा धुवायचा नाही. आणि मी तुमच्याकडे धुवायला आलेली नाही. वकीलबाईंनी सांगितलंय, आधीचे तीन कुठे होते, केवढे होते, कोणत्या तारखेला काढले, ते तुमच्या हातानं लिहून आणा. गालिचा दाखवला त्यांना. त्या तीन जागी काहीच दिसत नाही." मग म्हणाली, "तुमचं काम फार चांगलं आहे."

असं कुणी आजवर मला बोललेलं नाही. कौतुकाचेच शब्द, पण तिनं ते थोबाडीत दिल्यासारखे दिले.

मी खाली बसलो. दिवा आणला, भिंग आणलं, सुई आणली. सोफ्याच्या पायाची जागा, तिच्या अलीकडची चार बोटं, मग तिसरी. लोकर केस विंचरावे तशी सुईनं विंचरली, मुळापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच कामात खोट सापडावी म्हणून धडपडत होतो. एक तांबूस धागा, एक पिवळी कड, काहीही. अर्धा तास गेला. काही नव्हतं. तिन्ही वेळा मी मुळापासून काढलं होतं.

"दिसत नाही," मी म्हटलं.

"माहितेय. म्हणून तर लिहून हवंय."

मग मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, बाई, मी साधा धुणारा माणूस. साहेबांच्या ओळखी मोठ्या, मला या गावात धंदा करायचाय. कोर्टकचेरीत मला ओढू नका. भावानं माझ्याकडे असं बघितलं, की तो मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. बायको फक्त "अहो" म्हणाली. तीस वर्षांत तिनं मला हजारदा अहो म्हटलंय, पण असं नाही.

वही आणली. हीच, कारण तारखा यातच आहेत. त्यावरून कागदावर उतरवलं. चार मार्च, तळहाताएवढा, सोफ्याच्या डाव्या पायाशी, वर गरम पाणी ओतलेलं. पंधरा मार्च, त्याहून मोठा, चार बोटं अलीकडे. एक एप्रिल, दाराच्या बाजूला, बशीएवढा. तिन्ही वेळा नवं रक्त, वरून पडलेलं, फेल्ट स्वच्छ. लिहिताना विचारलं, "त्या दिवशी मी साहेबांसमोर बोललो, त्यानंतर हे?"

ती म्हणाली, "गालिच्याचं लिहा."

थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "दुपारी आला असतात तर सांगणार होते तुम्हाला. तुमच्याशिवाय आमच्या घरात कुणी येत नाही. तो येऊ देत नाही. डाग मात्र त्याला चालत नाही."

मी कागद पुढे केला. तिनं सावकाश वाचला, ओठ हलवत. परत माझ्यापुढे ठेवला. "एक राहिलं. हे रक्त पेल्यानं कापल्याचं नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "एक एप्रिलला. गालिचा उलटला तेव्हा."

बायको माझ्याकडे बघत नव्हती, गालिच्याकडे बघत होती. चौकात वाफवाल्याचं मशीन चालू झालं, त्याचा आवाज येत होता.

तीस वर्षं रक्त काढलंय मी. कसायाच्या घरचं, बाळंतिणीच्या खोलीतलं, नाक फुटलेल्या पोरांचं. ताजं रक्त फडक्यावर कसं येतं ते ओळखायला मला गालिचा कशाला उलटावा लागतो? ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. सुजलेला गाल मला भिंतीवरच्या आरशात दिसला होता. हे मी त्या दिवशी या वहीतसुद्धा लिहिलं नाही.

कागदावर लिहिलं, पंधरा मार्चला कळलं. खाली सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, म्हणून पुन्हा एकदा केली.

भावानं गालिचा गुंडाळला. मी टोक धरायला पुढे झालो, तर तो म्हणाला, राहू द्या. ती कागदाची घडी घालत होती, एकाच हातानं, जमत नव्हतं. बायकोनं घालून दिली. दारात वळून ती मला म्हणाली, "एवढंच हवं होतं मला. पंधरा मार्चला."